गाडी स्टार्ट व्हायला त्रास देतेय? आधी आवाज ऐका, मग पैसे खर्च करा

किल्ली फिरवली आणि गाडी नुसतीच कुंथायला लागली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे सेल्फ मारत राहणे. त्याने बॅटरीत उरलंसुरलं असेल तेही संपतं आणि सेल्फची मोटर तापते ती वेगळीच. एका वेळी ५ ते १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. आणि पहिल्या प्रयत्नालाच मोबाईलमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करा. गंमत नाही करत. मेकॅनिकसमोर गाडी नेमकी पटकन सुरू होते, अशा वेळी तो आवाज हाच तुमचा पुरावा.

आवाज काय सांगतो?

"टक-टक-टक-टक" असा भरभर आवाज आणि डॅशबोर्डचे लाईट मिणमिणतायत, तर बॅटरी डाउन आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. एकच "टक" आणि लाईट मात्र झगझगीत, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरींवर. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल किंवा स्पार्क पोहोचत नाहीये. आणि काहीच आवाज नसेल तर आधी साधं बघा: ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एनवर आहे का? पुश बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबलाय का? चावीतला सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांमध्ये चावीच बटणाला टेकवून दाबली की काम होतं.

बॅटरी खरंच गेलीय का?

मी गाडीत एक साधा मल्टीमीटर ठेवतो. काही शे रुपयांची वस्तू, पण हजारो वाचवते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा ९.६ च्या खूप खाली गेला तर बॅटरी लोड घेत नाही. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. १२ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर चार्जिंग देत नाहीये आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत बसेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीय? मग व्होल्टेज बरोबर असूनही करंट पुढे जात नाही. निगेटिव्हची वायर आधी काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातमोजे घाला, ती पावडर डोळ्यात जाऊ देऊ नका.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी नवी बॅटरी टाकली आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. चोर निघाला डॅशकॅम, २४ तास चालू. हिशोब बघा: पाव अँपिअर खाणारं उपकरण दिवसाला ६ अँपिअर-अवर ओढतं. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ च्या आसपास. तीन दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी गायब!

इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही

किल्ली फक्त इग्निशन ऑनपर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक "घूं" ऐकू येतं का? तो पेट्रोल पंप. आवाजच नसेल तर त्याचा फ्यूज आणि रिले तपासायला सांगा. सकाळीच त्रास होतो आणि दिवसभर ठीक असतं, अशा वेळी इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग स्टार्ट करा. लगेच सुरू झाली तर रात्रभरात पेट्रोल लाइनचं प्रेशर उतरतंय, असं समजायला जागा आहे.

सीएनजीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात, नंतर गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी कायम रिकामी ठेवली तर टाकीत बुडून थंड राहणारा पंप कोरडा तापतो. टाकी पाव भरलेली ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं चिन्ह विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा.

डॅशवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी वापरून बघा. बाकी सेन्सरसाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लागणारा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, कोड मोबाईलवर दिसतो. पी०३३५ आला तर क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. पण कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, कधी कधी फक्त वायर कुरतडलेली असते. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली घर करतात, हे आपल्याकडे नवीन नाही.

जंप स्टार्ट करताना

आधी हे सांगतो, मोबाईलची पॉवर बँक इथे चालत नाही. ती ५ व्होल्टवर दोन-तीन अँपिअर देते, सेल्फला १२ व्होल्टवर शंभरच्या वर लागतात. गाडीसाठीचा जंप स्टार्टर वेगळा येतो.

केबलने करायचं तर क्रम पाळा. लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी तिथेच पडली तर स्फोट होऊ शकतो. प्लस-मायनस उलटं झालं तर ईसीयू जळतो, त्याचं बिल बॅटरीच्या कितीतरी पट. बॅटरी फुगलीय, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर हातच लावू नका, मेकॅनिकला बोलवा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला: इग्निशन ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच झटक्यात सोडा. उतारावर एकट्याने हा प्रयोग करू नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.