अवशीतनातील कंपनियंत्रण

अवशीतनातील कंपनियंत्रण : शरीराचे तापमान ३५° से. खाली गेले असता, किंवा उपचारासाठी ते हेतुपुरस्सर उतरविले असता, उद्‌भवणारी हुडहुडी औषधांनी थोपविण्याची पद्धती. हुडहुडी म्हणजे स्नायूंचे अनैच्छिक, तालबद्ध आकुंचन. तीमुळे उष्णता निर्माण होते. तथापि ऑक्सिजनाची गरजही दुपटीहून अधिक वाढू शकते.

टोराँटो येथील डब्ल्यू. जी. बिगेलो यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत (१९५०) असे दाखविले, की हुडहुडी रोखली तरच तापमानाबरोबर ऑक्सिजनाची गरज उतरते. हृदयातील रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून शस्त्रक्रिया करणे त्यामुळे शक्य कोटीत आले. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनीॲपोलिस येथे एफ. जॉन ल्यूइस यांनी ५ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र अवशीतनाखाली मिटविले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लाबॉरी व ह्यूगनार यांनी क्लोरप्रोमॅझीन, प्रोमेथॅझीन व पेथिडीन यांच्या मिश्रणाने ‘कृत्रिम शीतनिद्रा’ घडविली. क्लोरप्रोमॅझीन पुढे मनोविकारांवरील औषध म्हणून गाजले. त्याची पहिली कामगिरी शस्त्रक्रियागृहातील होती, याचा बहुधा विसर पडतो. स्नायुशिथिलकांनी थरथर थांबते, पण रुग्णाचा श्वासही यंत्राने चालवावा लागतो.

या कामी पेथिडीन विशेष गुणकारी ठरले. ते हुडहुडी सुरू होण्याची तापमानमर्यादाच खाली आणते. भारतात ते १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येत असल्याने शुद्धिहरणानंतरच्या हुडहुडीसाठी ट्रॅमॅडॉल रूढ झाले. २०१८ मध्ये तेही या कायद्याच्या कक्षेत आले.

पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत प्रश्न नेमका उलटा आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ च्या बालमृत्यूंनी तेथील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले. कुपोषित बालकाचे मेद व स्नायू क्षीण झालेले असल्याने त्यास पुरेशी हुडहुडी भरत नाही. नवजात अर्भक तर मुख्यतः तपकिरी मेद जाळूनच ऊब मिळविते. असे मूल थरथरीवाचून, म्हणून इतरांच्या नकळत, गारठते. त्यास कंपरोधक औषध निरुपयोगी आणि श्वसन मंदावत असल्यास घातकही होय. आईच्या उघड्या छातीशी धरणे, वारंवार आहार, रक्तशर्करा घसरल्यास ग्लुकोज आणि जंतुसंसर्गावर इलाज हेच खरे उपचार. हिवतापातील हुडहुडी यांहून निराळी. तीत तापमान चढत असते [⟶ हिवताप].

भारत, श्रीलंका व बांगला देश यांतील ७ रुग्णालयांत, जन्मवेळी मेंदूस ऑक्सिजन कमी पडलेल्या ४०८ अर्भकांवर शीतनोपचाराची चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शीतन केलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले.