लोरचं मँडोलिन, मन्रोचा आवाज

तारांच्या चार जोड्या दोन्हींकडे, तरी आवाज वेगळे. नेपल्सचं मँडोलिन पाठीला भोपळ्यासारखं गोल. कलाचे घराण्यातल्या कारागिरांचं ऐकलं तर सूर बारीक, चमकदार, थरथरत लांबणारा. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखं लाकूड कोरायला घेतलं, १८९८ मध्ये पेटंट मिळवलं. पुढे गिब्सन कंपनीत लॉइड लोरने १९२२ मध्ये एफ-५ आणलं: मधल्या गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं. हेडफोन लावून ऐका, हे तुटक ठोक्याला खुलतं. खर्ज भरीव, आघात कोरडा.

पण लोरला हवी होती अभिजात मैफल! वाद्य फारसं खपलं नाही. १९२४ मध्ये त्याने कंपनी सोडली, १९४३ मध्ये तो वारला. त्याची सही असलेलं, ९ जुलै १९२३ चं एक एफ-५ त्याच दशकात बिल मन्रोला फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात मिळालं. मन्रोने त्यावर ताल ठोकला आणि ब्लूग्रास घडलं.

आज कारागीर एफ-५ च्या नकला करतात, त्याला ‘लोरचा आवाज’ म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ते कान लावून शोधतात तो ठोका लोरने कधी ऐकलाच नव्हता.