फेरफाराची नांवनिशी

एकच पोथी दहा जणांनीं उतरून घेतली म्हणजे दहा पोथ्या होतात, आणि कांहीं काळानें अमुक ओळ मूळची कीं मागाहून घातलेली असा वाद सुरू होतो. अशा वेळीं पानाचा आंकडा सांगून भागत नाहीं. एकाच्या प्रतींतील बारावें पान तें दुसऱ्याच्या प्रतींत पंधरावें असतें. म्हणून जाणत्या लोकांनीं अध्याय आणि ओवी यांचे आंकडे घातले व कोणत्याहि प्रतींत सांपडेल अशी खूण निर्माण केली. वाद करणाऱ्या दोघांच्या डोळ्यांपुढें एकच ओळ आहे एवढें निश्चित झालें, कीं निम्मा वाद मिटतो.

संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतींत हीच अडचण शतपटीनें वाढून पुढें आली. आज्ञावलि म्हणजे यंत्रानें काय करावें याची लिहून दिलेली संहिता. ती एकदां लिहून संपत नाहीं. अनेक हात तिच्यांत रोज भर घालतात, चुका सुधारतात आणि सुधारतांना नव्या चुकाहि करतात. बँकेचे हिशेब, आगगाडीचीं तिकिटें, रुग्णालयांतील यंत्रें अशा संहितांवर चालतात. एके दिवशीं कांहीं बिघडलें म्हणजे पहिला प्रश्न हा, कीं काल चालत होतें तें आज कां चालत नाहीं? मधल्या काळांत कोणता फेरफार झाला, कोणी केला, कशासाठीं केला? याचें उत्तर मिळण्यास दोन गोष्टी लागतात. प्रत्येक फेरफाराला स्वतःचें नांव पाहिजे, आणि 'येथपासून तेथपर्यंत' असा फेरफारांचा पल्ला निःसंदिग्धपणें सांगतां आला पाहिजे. या दोन गोष्टी साधण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

या दिशेनें पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ सालीं झाला. मार्क रॉचकाइंड यांनीं तेथें 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' नांवाची व्यवस्था रचली आणि १९७५ सालीं तिच्याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. तींत प्रत्येक फाइलीच्या प्रत्येक फेरफारास आंकडा मिळे : पहिल्यास १.१, दुसऱ्यास १.२, याप्रमाणें. मुख्य ओघ सोडून शाखा काढली तर तिला १.२.१.१ असा चार पदरी पत्ता लागे. १९८२ सालीं पर्ड्यू विद्यापीठांतील वॉल्टर टिची यांनीं 'आरसीएस' ही दुसरी व्यवस्था पुढें आणली. आंकड्यांची तऱ्हा तीच. मात्र ताजी प्रत अखंड ठेवावयाची आणि जुन्या प्रती उलट फेरफारांनीं परत मिळवावयाच्या, ही तिची युक्ति होती.

या आंकड्यांत एक उणीव होती. आज्ञावलि शेंकडों फाइलींची असते. एका फाइलीचा आंकडा १.५ असतां शेजारचीचा १.९७ असे. ज्या दिवशीं सगळें सुरळीत चालत होतें त्या दिवसाच्या संपूर्ण अवस्थेला एक असें नांवच नव्हतें. डिक ग्रून यांनीं १९८६ सालीं ॲम्स्टरडॅम येथें रचलेल्या 'सीव्हीएस'मुळें पुष्कळ लोकांना एकाच वेळीं काम करण्याची सोय झाली. परंतु आंकडे फाइलीगणिकच राहिले, आणि सर्वांची मिळून एक अवस्था दाखवावयाची तर प्रत्येक फाइलीवर एकाच नांवाची चिठ्ठी चिकटवावी लागे. २००० सालीं आरंभ होऊन २००४ च्या फेब्रुवारींत पहिली पूर्ण आवृत्ति निघालेल्या 'सबव्हर्जन'नें हा दोष काढला. तेथें सबंध दप्तराला मिळून एकच चढता आंकडा असे. दहावा फेरफार म्हणजे सर्व फाइलींची दहाव्या फेरफारानंतरची स्थिति. दहा ते पंधरा म्हटलें कीं पल्ला ठरला. लहान मुलालाहि समजावा इतका तो सोपा होता.

पण या सोपेपणाला एक अट होती. कचेरींतील जावक क्रमांक एकाच कारकुनाच्या वहींतून निघाले तरच ते खरे. दोन कारकुनांनीं दोन वह्या उघडल्या तर पंचवीस क्रमांकाचीं दोन पत्रें निघतात. त्याचप्रमाणें आंकडे देणारें मध्यवर्ती दप्तर एकच असलें पाहिजे, आणि तें दप्तर प्रामाणिक आहे असा सर्वांचा विश्वास पाहिजे. जगभर विखुरलेले लोक जेथें आपापल्या घरीं बसून एकच संहिता लिहितात, तेथें ही अट जड जाते.

असें काम म्हणजे 'लिनक्स'. फिनलंडमधील हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत असतां लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली ही मूलभूत आज्ञावलि वाढत जाऊन हजारों लोकांची झाली. २००२ पासून तिचें दप्तर 'बिटकीपर' या खासगी मालकीच्या व्यवस्थेंत राहूं लागलें, आणि जे ती व्यवस्था वापरीत नसत त्यांच्यासाठीं सीव्हीएसमध्यें एक नक्कल ठेवण्यांत आली. २००३ च्या नोव्हेंबरांत त्या नकलेंत कोणीतरी दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहतां त्या ओळी एक साधी तपासणी करीत होत्या. परंतु 'हें बरोबर आहे काय' असें विचारणाऱ्या दोन समानचिन्हांच्या जागीं एकच चिन्ह होतें, आणि एका चिन्हाचा अर्थ 'बरोबर कर' असा होतो. त्यायोगें विशिष्ट तऱ्हेनें हाक देणाऱ्या कोणाहि माणसाला त्या यंत्रावरील सर्वाधिकार मिळाले असते. नक्कल मूळ दप्तराशीं ताडून पाहतांना या फेरफारास मूळांतील कोणत्याच नोंदीचा आधार नाहीं असें आढळलें, आणि चोरवाट बंद झाली. ज्याची नांवनिशी नाहीं तो फेरफार संशयित, हा धडा त्यांतून मिळाला.

२००५ च्या एप्रिलांत बिटकीपरचा विनामूल्य वापर मालकांनीं थांबविला. टॉरवाल्ड्स यांनीं ३ एप्रिल रोजीं नवी व्यवस्था लिहावयास घेतली. ७ एप्रिलला ती स्वतःचीच संहिता स्वतःमध्यें सांठवूं लागली. तिचें नांव 'गिट'. तिच्यांतील नोंदीस 'कमिट' म्हणतात. या कमिटला क्रमांक देणारा कारकून कोणीच नाहीं; तिचें नांव तिच्या मजकुरांतूनच निघतें. सर्व फाइलींचा आशय, लेखकाचें नांव, वेळ, फेरफाराविषयींचें टिपण, आणि आधीच्या कमिटचें नांव, हें सर्व एका गणिती चरकांतून पिळून काढतात. 'शा-वन' नांवाची ही गणनरीति अमेरिकेच्या मानक-संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. चरकांत घातलेला मजकूर केवढाहि असो, बाहेर चाळीस चिन्हें पडतात. तीं शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ हीं सहा अक्षरें यांतलीं असतात. मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी चाळीसच्या चाळीस चिन्हांची घडी विस्कटते. गिटच्या अगदीं पहिल्या कमिटचें नांव ई८३सी५१६ या सात चिन्हांनीं सुरू होतें, आणि जगांतील ज्या ज्या यंत्रावर त्या दप्तराची पूर्ण नक्कल आहे तेथें तें तसेंच आहे.

ही कल्पना टॉरवाल्ड्स यांना एकट्यांना सुचली असें नाहीं. २००३ सालच्या 'मोनोटोन' या व्यवस्थेंतहि नांवें अशींच पडत. तिचें महत्त्व मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक नांवांत आधीच्या नोंदीचें नांव गुंफलेलें असल्यामुळें एक नांव सांगितलें कीं त्याच्या मागील सर्व परंपरा सांगितली जाते. कोणी दहा वर्षांपूर्वींची नोंद गुपचूप सुधारली, तर तिचें नांव बदलतें, तिच्या पुढील नोंदीचें बदलतें, आणि आजतागायत सर्व वंशजांचीं नांवें बदलतात. लबाडी लपत नाहीं. त्याच महिन्यांत जाहीर झालेल्या 'मर्क्युरिअल'नें असें लांब नांव आणि जोडीला एक लहान क्रमांकहि ठेवला. पण तो लहान क्रमांक ज्याच्या त्याच्या प्रतीपुरता असतो. एकाच्या यंत्रावरील बावन्नावी नोंद दुसऱ्याच्या यंत्रावर साठावी असूं शकते. पोथीच्या पानाचीच ती गोष्ट.

चाळीस चिन्हें पाठ करणें मनुष्यस्वभावाला मानवणारें नाहीं. म्हणून दप्तरांत गोंधळ होणार नाहीं इतकीं आरंभींचीं चिन्हें सांगितलीं तरी चालतें. आरंभीं सात पुरत. लिनक्सचें दप्तर इतकें फुगलें कीं तेथें निदान बारा सांगण्याचा प्रघात पडला. दुसरी सोय नात्यांची आहे. ज्या नोंदीवर सध्यां काम चाललें आहे तिला 'हेड' म्हणतात. हेडपुढें नागमोडी रेघ व एक लिहिलें तर तिचा बाप, दोन लिहिलें तर आजा, तीन लिहिलें तर पणजा. दोन शाखा एकत्र आणणाऱ्या नोंदीला दोन पूर्वज असतात. त्यांतील दुसरा हवा असल्यास वर टोंक असलेलें चिन्ह व दोनाचा अंक लिहावा, म्हणजे जणूं आजोळचा वंश सांगितला. 'काल ही शाखा जेथें होती ती नोंद' असेंहि विचारतां येतें. पण त्याचें उत्तर त्या यंत्राच्या रोजनिशींतून येतें, म्हणून तें त्या घरापुरतेंच खरें.

नांव ठरलें, आतां पल्ला. सामान्य समजूत अशी, कीं पल्ला म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. गिटमध्यें हा समज फसवा ठरतो. एकानें सोमवारीं घरीं लिहिलेली नोंद मुख्य शाखेंत महिन्यानें येते, आणि कोणाच्या यंत्राचें घड्याळहि चुकलेलें असतें. म्हणून येथें पल्ला काळानें मोजीत नाहींत, वंशानें मोजतात. अ, दोन टिंबें, ब असें लिहिलें तर त्याचा अर्थ असा : ब आणि तिचे सर्व पूर्वज घ्यावे, त्यांतून अ आणि तिचे सर्व पूर्वज वगळावे, आणि उरेल तें दाखवावें. मुख्य शाखा डावीकडे व दुरुस्तीची शाखा उजवीकडे ठेवली, तर मुख्य शाखेंत अजून न पोंचलेल्या दुरुस्त्या तेवढ्या मिळतात. बाजू उलटल्या तर उत्तरहि उलटतें. तीन टिंबें घातलीं तर दोहोंपैकीं एकीच्याच वंशांत असलेल्या, म्हणजे समाईक नसलेल्या, सर्व नोंदी मिळतात. नवशिक्यांची त्रेधा येथेंच उडते. कारण हींच टिंबें नोंदी मोजण्याऐवजीं दोन अवस्थांची तुलना करतांना वापरलीं तर अर्थ बदलतो : दोन टिंबें दोन टोंकांची सरळ तुलना करतात, आणि तीन टिंबें समाईक पूर्वजापासून उजव्या टोंकापर्यंतचाच फरक दाखवितात.

एवढा खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर 'बायसेक्ट' या आज्ञेंत आहे. अमुक नोंदीपर्यंत यंत्र चांगलें चालत होतें आणि अमुक नोंदीला बिघडलेलें आहे, एवढें सांगितलें कीं ही आज्ञा पल्ल्याच्या मधली नोंद काढून देते. ती चांगली निघाली तर अर्धा पल्ला सुटला. वाईट निघाली तर दुसरा अर्धा सुटला. याप्रमाणें १,०२४ नोंदींतील अपराधी नोंद दहा परीक्षांत हातीं लागते. मग दुरुस्ती करणारा आपल्या टिपणांत 'ही दुरुस्ती अमुक नोंदीची' म्हणून त्या नोंदीचीं पहिलीं बारा चिन्हें लिहितो. जुन्या आवृत्त्या सांभाळणारे तीं चिन्हें पाहून ठरवितात, कीं दोष त्यांच्याकडे शिरला होता कीं नाहीं आणि औषध द्यावयाचें कीं नाहीं. नांव चुकलें तर औषध भलत्याच रोग्याला जातें.

मात्र नांवाचें बळ गणिताच्या बळाइतकेंच असतें. २०१७ च्या फेब्रुवारींत ॲम्स्टरडॅममधील गणितसंस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनीं एकच शा-वन ठसा उमटणारे दोन निराळे दस्तऐवज करून दाखविले. त्याच वर्षीं गिटच्या २.१३ या आवृत्तींत असा बनाव ओळखणारी गणनरीति बसविण्यांत आली, आणि २०२० च्या २.२९ या आवृत्तींत चौसष्ट चिन्हांच्या अधिक भक्कम नांवांची प्रायोगिक सोय झाली.

लिनक्सच्या दप्तरांत १६ एप्रिल २००५ ची पहिली नोंद १डीए१७७ई४सी३एफ४ या बारा चिन्हांनीं ओळखली जाते. त्या दिवशीं २.६.१२ या आवृत्तीची दुसरी उमेदवार प्रत नव्या दप्तरांत एकदम घालण्यांत आली; त्यापूर्वींच्या चौदा वर्षांचा इतिहास त्यांत आला नाहीं. पुष्कळ वर्षांनंतरच्या अनेक दुरुस्त्यांखालीं दोषाचें मूळ म्हणून याच नोंदीचें नांव लिहिलेलें आढळतें. तो दोष त्या दिवशीं उत्पन्न झाला असें त्याचा अर्थ नव्हे. लेखी नांवनिशी जेथें सुरू होते तेथेंच दोषी शोधणाऱ्याचें बोट थांबतें, एवढाच त्याचा अर्थ.