वाड्यातील भूत आणि वाड्याचा धनी

ऐन दिवाळीत भुताखेतांचा विषय काढला म्हणून घरातील वडीलधारी मंडळी कदाचित रागावतील. पण फराळाचे डबे झाकून ठेवल्यावर आणि अंगणातील पणत्या मंदावल्यावर मुले आजीभोवती जमतात ती कोणती गोष्ट ऐकायला, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. शिवाय माझ्या बाजूने एक पुरावाही आहे. इंग्रजीतील ज्या कादंबरीने पडके वाडे, भुयारे आणि पिशाच्चे यांची परंपरा सुरू केली, तीही सणाच्याच तोंडावर बाहेर पडली: २४ डिसेंबर १७६४ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी.

तिचे नाव 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' आणि लेखक होरेस वॉलपोल. हे गृहस्थ इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांचे धाकटे चिरंजीव. पैसा मुबलक, पाठीमागे संसार नाही, आणि जुन्यापुराण्या वस्तूंचा नाद मोठा! लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्यांनी १७४७ मध्ये एक साधे घर घेतले आणि पुढे कित्येक वर्षे त्याला मनोरे, टोकदार कमानी व रंगीत काचा जोडून मध्ययुगीन किल्ल्याचे सोंग दिले. सोंगच म्हणायचे, कारण तेथील मोठ्या दालनाचे नक्षीदार छत दगडाचे नव्हतेच, ते होते कागदाच्या लगद्याचे. अशा घरात निजणाऱ्याला स्वप्नेही तशीच पडायची. १७६४ च्या जून महिन्यात वॉलपोल यांना स्वप्नात एका जुन्या किल्ल्याचा भव्य जिना दिसला, आणि त्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक अवाढव्य हात! त्याच दिवशी संध्याकाळी ते लिहायला बसले. काय लिहायचे आहे, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. दोन महिन्यांच्या आत कादंबरी पुरी झाली.

तिच्यावर स्वतःचे नाव घालण्याचे धाडस मात्र त्यांना झाले नाही. तो काळ बुद्धिवादाचा. शहाण्यासुरत्या माणसाने भुतांवर लिहावे म्हणजे हसे व्हायचे. म्हणून त्यांनी प्रस्तावनेत थाप ठोकून दिली की, हे १५२९ साली नेपल्स येथे छापलेल्या एका इटालियन पुस्तकाचे भाषांतर आहे. पाचशे प्रती निघाल्या, लोकांनी त्या आवडीने वाचल्या. तेव्हा कुठे दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने कबुलीजबाब दिला आणि पुस्तकाला 'गॉथिक कथा' असे म्हटले. 'गॉथिक' हा शब्द तोवर रानटी, जुनाट अशा अर्थाने नाक मुरडून वापरला जाई. पुढे तेच एका साहित्यप्रकाराचे नाव झाले.

कथा थोडक्यात अशी. ओट्रँटोचा अधिपती मॅन्फ्रेड याच्या मुलाचे लग्न ठरले आहे. ऐन लग्नाच्या दिवशी आकाशातून पडावे तसे एक प्रचंड शिरस्त्राण कोसळते आणि नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो. वंश बुडेल या भीतीने मॅन्फ्रेड काय करतो? तो आपल्या पत्नीला सोडून त्या नियोजित सुनेशीच, इझाबेलाशी, लग्न करू पाहतो. ती बिचारी भुयारातून पळ काढते. तसबिरीतील आजोबा सुस्कारा टाकून खाली उतरतात, पुतळ्याच्या नाकातून रक्ताचे तीन थेंब गळतात. पण या साऱ्यांमागचे कारण एकच आहे. मॅन्फ्रेडच्या आजोबाने मूळ मालकाला विष घालून हे राज्य बळकावले होते. भूत येते ते आपला हक्क मागायला!

योगायोग असा की, ज्या साली ही कादंबरी छापली गेली त्याच साली लंडनमध्ये एका किरकोळ कापडजिन्नस विकणाऱ्याच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढची अ‍ॅन रॅडक्लिफ. तिचा नवरा वृत्तपत्रात काम करी आणि रात्री उशिरा घरी येई. ती तोवर लिहीत बसे. १७९४ मध्ये तिची 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' आली. प्रकाशकाने ५०० पौंड मोजले, त्या काळी कादंबरीला हा आकडा चकित करणारा होता. पुढल्या 'द इटालियन'ला (१७९७) ८०० पौंड मिळाले. आणि गंमत अशी की, जिच्या पानोपानी इटलीचे डोंगर आहेत, ती युडॉल्फो लिहीपर्यंत बाईंनी परदेशात पाऊलही ठेवले नव्हते.

या बाईंनी भुताची कला पार बदलून टाकली. त्यांच्या कादंबरीत पावले वाजतात, दिवे विझतात. पण शेवटी प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो. नायिका एमिली काळ्या पडद्याआड काहीतरी पाहून बेशुद्ध पडते. वाचक शेकडो पाने तळमळतो, आणि अखेर कळते की ते प्रेत नव्हते, मेणाची आकृती होती. अनेकांना ही फसवणूक वाटली. मला मात्र वाटते की, बाईंना जे सांगायचे होते ते पडद्याआड नव्हतेच.

एमिलीच्या खोलीला एक दार आहे. त्याला आतून कडी नाही, बाहेरून आहे! तिच्या आत्याशी मॉन्टोनी नावाच्या माणसाने पैशासाठी लग्न केले. आत्या आपली मालमत्ता लिहून देईना, तेव्हा त्याने तिला बुरुजात कोंडले, आणि तिथल्या हालअपेष्टांतच ती गेली. मग तोच कागद एमिलीपुढे आला: कर सही! आता त्या वेळचा इंग्रजी कायदा आठवा. लग्न होताच बायकोचा रोख पैसा व जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. हा कायदा १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदलला. तोवर भाड्याच्या वाचनालयांतून ही पुस्तके घरी नेणाऱ्या बायकांना बाहेरून लावलेली कडी म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नव्हते. भूत खोटे होते, भय खरे होते.

जेन ऑस्टिनने या वेडाची थट्टा केली, असे आपण वाचतो. तिच्या 'नॉर्दँगर ॲबी'तील कॅथरिनला जुन्या कपाटात रहस्यमय हस्तलिखित सापडते, आणि सकाळी पाहावे तो ती धोब्याची यादी! पण पुढचे विसरू नये. त्याच घराचा धनी जनरल टिल्नी, कॅथरिन श्रीमंत नाही असे कळताच तिला एकटीलाच घराबाहेर काढतो. म्हणजे मुलीने राक्षस ओळखला होता. फक्त त्याचा गुन्हा ओळखायला ती चुकली.

आपल्याकडेही वाट काहीशी अशीच वळली. हरि नारायण आपटे यांनी 'मधली स्थिती' (१८८५) लिहिली ती रेनॉल्ड्स या इंग्रज रहस्यकथाकाराच्या आधाराने. पण १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली तेव्हा त्यांना भुयाराची गरज उरली नव्हती. यमूचे केशवपन होते ते कोणत्या पडक्या किल्ल्यात नव्हे, तर चारचौघांच्या नांदत्या घरात.

हे सारे आठवायला कारण झाले माझ्या वर्गातील एक मुलगी. भूगोलाच्या पुस्तकात लपवून ती भुताची कादंबरी वाचत होती. मी ती काढून घेतली आणि, खरे सांगायचे तर, त्याच रात्री वाचून काढली. दुसऱ्या दिवशी परत देताना विचारले, "असली पुस्तके वाचून भीती नाही वाटत तुला?"

ती खाली मान घालून म्हणाली, "वाटते की, बाई. पण शेवटी ती मुलगी वाड्याबाहेर पडते ना."

यावर मी काय बोलणार? तास सुरू झाला होता. मी पुस्तक तिच्या हाती दिले, आणि जाता जाता वर्गाचे दार सताड उघडे ठेवले.