सर्व्होची घटमाला : निवडीमागील इतिहास

बिनतारी संदेशांवर उडणाऱ्या प्रतिरूप विमानातील घटमाला, म्हणजे बॅटरी, आरंभी केवळ निरोप्याचे काम करीत असे. वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकी जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये ‘गफ’ हे विमान उडविले. त्या काळी सुकाणू हलविण्याचे बळ पिळलेल्या रबरात साठविलेले असे. विजेने फक्त त्याचा खटका सुटे. वीज मुख्यतः लागे ती ग्राहकयंत्रातील निर्वात नलिकांस, आणि त्यांसाठी उच्च दाबाची स्वतंत्र माला विमानास वाहावी लागे.

ट्रान्झिस्टरने ही माला अनावश्यक केली. पुढे १९६० च्या दशकात, हातातील दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू वळविणारा विद्युच्चलित सर्व्हो रूढ झाला. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘सेर्वुस’, म्हणजे दास. राबण्याचे काम या दासाकडे आले आणि त्यास पोसण्याचा भार घटमालेवर पडला. वाल्डेमार युंगनर याने स्वीडनमध्ये १८९९ मध्ये शोधलेला निकेल-कॅडमियम घट मोहोरबंद रूपात येथे उपयोगी ठरला. प्रत्येकी १.२ व्होल्टचे चार घट मिळून ४.८ व्होल्ट होत. आरंभीच्या काही सर्व्होंत मालेच्या मध्यातून चौथी तार घेत. दोन घटांनी चलित्र एका दिशेस फिरे, उरलेल्या दोहोंनी उलट. म्हणून समसंख्या सोयीची होती. पुढे ती चौथी तार गेली, तरी ४.८ हा आकडा राहिला. भाषेतही अर्थ लोपलेले प्रत्यय असेच टिकून राहतात.

या आकड्यावरून, अथवा वेष्टनावरील मिलिअँपिअर-तासांवरून, आज निवड करणे धोक्याचे आहे. मिलिअँपिअर-तास साठा सांगतात. सर्व्हो मागतो तो प्रवाह. मालेचा अंतर्गत रोध ०.२ ओहम असून सर्व सर्व्होंनी एकदम ५ अँपिअर ओढले, तर १ व्होल्ट आतच खर्ची पडतो, ४.८ चे ३.८ उरतात. दाब आणखी घसरला तर आधुनिक ग्राहकातील सूक्ष्मप्रक्रियक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढा वेळ विमानास कोणी वाली नसतो.

जोरकस डिजिटल सर्व्होंस निकेल-मेटल-हायड्राइडचे चारांऐवजी पाच घट द्यावेत. लिथियम-लोह-फॉस्फेटचे दोन घट ६.६ व्होल्ट देतात व भाराखाली फारसे खचत नाहीत. मात्र तो दाब सर्व्होस सोसतो का, हे आधी पाहावे. लिथियम-पॉलिमरचे दोन घट पूर्ण भारित असता ८.४ व्होल्टपर्यंत जातात. सर्व्हो उच्च दाबाचे नसतील तर तेथे नियामक हवाच, आणि बिघाडाची एक जागा त्याने वाढते. माला कोणतीही असो, तिचा दाब भार जोडूनच मोजावा. भाराविना जीर्ण मालाही धडधाकट भासते.