सनद एकाची, गड दुसऱ्याचा

सन 1329, शरद ऋतू. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या रेवाल बंदरात (आजचं टॅलिन) तुम्ही जहाजातून उतरता. नाकात आधी डांबराचा वास शिरतो, मागोमाग खारवलेल्या हेरिंग माशांचा. धक्क्यावर मिठाची पिंपं उतरताहेत. राज्य डेन्मार्कच्या राजाचं आहे म्हणे, पण बाजारात कान देऊन ऐकलंत तरी डॅनिश क्वचितच कानावर पडते. भाव ठरतात जर्मनमध्ये, ओझी वाहणारे आपसात एस्टोनियनमध्ये बोलतात. शहराला कायदाही ल्यूबेक या जर्मन शहराचा, आणि तो 1248 साली दिला तो डेन्मार्कच्याच राजा एरिकनं!

चुनखडीच्या टेकाडावर चढा. टोम्पेआ. वर कॅथेड्रल, राजाच्या किल्लेदाराचा गड आणि सरदारांची घरं. आज इथली मंडळी खुशीत आहेत. एका मेजावर सनद पसरलेली आहे, तुम्हालाही वाकून बघू देतात. ताणून वाळवलेलं कातडं, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं किंचित खरबरीत. खालच्या घडीत चिरा पाडून पट्टी ओवलेली आणि पट्टीच्या टोकाला मेणाची जड मुद्रा. लॅटिन मजकुराचा मथितार्थ इतकाच, की राजा दुसरा क्रिस्टोफर एस्टोनिया कधीही विकणार नाही, डॅनिश मुकुटापासून तोडणार नाही.

असं लिहून का घ्यावं लागलं? कारण क्नूड पोर्से. हा राजघराण्यातला नव्हे, साधा उमराव. पण पराक्रम असा, की 1326 मध्ये याच क्रिस्टोफरला गादीवरून हुसकावणाऱ्यांत तो होता. बक्षीस म्हणून दक्षिण हालांडचा ड्यूक झाला. ड्यूकपद तोवर राजघराण्याची मिरास. पुढच्याच वर्षी त्यानं राजकन्या इंगेबॉर्गशी लग्न केलं, म्हणजे स्वीडन-नॉर्वेच्या बालराजाचा सावत्र बापच झाला. आणि आता 1329 मध्ये एस्टोनियाचा ड्यूक म्हणूनही त्याचं नाव लागलंय. हुसकावलेला राजा परत येतो आणि हुसकावणाऱ्याच्याच पदरात मुलूख पडतो. डेन्मार्कचं राजकारण त्या काळी असंच चाललं होतं.

मेजाभोवतीच्या सरदारांच्या मनातलं तुम्हाला बोलल्याशिवाय कळेल. राजा लांब आहे, समुद्रापलीकडे; हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यामुळे तर आणखीच लांब. लांबचा धनी परवडतो. ड्यूक म्हणजे उरावर येऊन बसणारा, हिशेब तपासणारा. नको. पोर्से 1330 मध्ये मेलाच. इथे त्याचा अंमल कधी बसलाच नाही.

खरं तर एस्टोनियाचं हे ड्यूकपद पहिल्यापासून हवेतलंच. 1219 मध्ये दुसऱ्या वाल्डेमारनं लिंडानिसेची लढाई जिंकून हा मुलूख घेतला आणि आपल्या अनौरस मुलाला, क्नूडला, इथला ड्यूक केलं. 1227 मध्ये ‘तलवारबंधू’ या जर्मन धर्मयोद्ध्यांनी रेवालच काबीज केलं. डेन्मार्कला ते परत मिळालं 1238 च्या तहानं. पुढे राजे स्वतःलाच एस्टोनियाचे ड्यूक म्हणवू लागले. पण जमिनी मुख्यतः जर्मन सरदारांच्याच हाती राहिल्या.

आता चौदा वर्षं पुढे चला. 23 एप्रिल 1343, सेंट जॉर्जची रात्र. टोम्पेआवरून तुम्हाला आगी दिसतात. हार्यु प्रांतातले शेतकरी उठलेत. जमीनदारांच्या गढ्या जळताहेत, दिसेल तो जर्मन मारला जातोय. थोड्याच दिवसांत उठावाचे चार पुढारी पाइडेच्या किल्ल्यात बोलणी करायला जातात. समोर असतात शेजारच्या लिव्होनियाचे धर्मयोद्धे, म्हणजे ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाची शाखा. तिथेच चौघांना कापून काढलं जातं. याला वाटाघाट म्हणणं म्हणजे कहरच. इकडे घाबरलेले सरदार गड त्याच धर्मयोद्ध्यांच्या हवाली करतात. ज्या सनदेसाठी एवढा आटापिटा केला, तिच्या धन्याची वाट कोणी पाहत नाही.

आणि तो धनी तरी कुठून येणार? वाल्डेमार चौथा 1340 मध्ये गादीवर आला तेव्हा डेन्मार्कचा बहुतेक मुलूख गहाण पडलेला होता. गहाण सोडवायला चांदी हवी, आणि विकण्याजोगं काय, तर सांभाळता न येणारा एस्टोनिया. 1346 मध्ये ट्यूटॉनिक ऑर्डरशी सौदा ठरला: 19,000 मार्क चांदी, कोलोनच्या वजनानं. एक मार्क पाव किलोहून थोडा कमी. म्हणजे सगळी मिळून साडेचार टनांच्या आसपास. राजाचा थोरला भाऊ ओट्टो याच्या नावामागेही एस्टोनियाचा ड्यूक हा किताब लागत असे. तो स्वतःच त्या ऑर्डरमध्ये सामील झाला. सतरा वर्षांपूर्वीचं ‘कधीही विकणार नाही’ हे वचन मोडलं खरं, पण गडाच्या किल्ल्या आधीच दुसऱ्याच्या हाती देऊन बसलेल्या सरदारांनी ते कातडं कोणत्या तोंडानं पुढे करायचं?