डोगराईची लढाई

भारत-पाकिस्तान यांच्यातील १९६५च्या युद्धात पश्चिम पंजाबमधील डोगराई या गावाच्या ताब्यासाठी झालेली लढाई. अमृतसर–लाहोर रस्त्यावर, वाघा सीमा ओलांडून लाहोरकडे जाताना इछोगिल कालव्याच्या अलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर हे गाव लागते. भारताच्या ३ जाट पलटणीने ते एकाच महिन्यात दोनदा घेतले : ६ सप्टेंबरला काही तासांत, आणि २१-२२ सप्टेंबरच्या रात्री घरोघर झुंजून.

गावाला महत्त्व आले ते कालव्यामुळे. इछोगिल कालवा पाण्यासाठी खणलेला असला, तरी लाहोरभोवतीचा खंदक म्हणूनच पाकिस्तानी सेनेने त्याकडे पाहिले व काठाने काँक्रीटचे मोर्चे बांधले. डोगराईजवळचा पूल ओलांडला की बाटापूर, म्हणजे बाटा कंपनीच्या पादत्राण-कारखान्याची वसाहत, आणि तिथून रस्ता सरळ लाहोरला जातो.

पाकिस्तानने १ सप्टेंबरला छांब भागात चढाई करून अखनूरला धोका निर्माण केला. तो दाब हलका करण्यासाठी भारताने लाहोर आघाडी उघडली. त्या वेळी संरक्षणमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांची युद्धकाळातील रोजनिशी त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी पुढे प्रसिद्ध केली. या दिवसांकडे दिल्लीतून कसे पाहिले जात होते, हे जाणण्यासाठी मराठी वाचकाने ती जरूर पाहावी.

लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हेड यांच्या नेतृत्वाखालील ३ जाट पलटण १५व्या डिव्हिजनच्या ५४व्या ब्रिगेडमध्ये होती. ६ तारखेला दुपारच्या आतच ती डोगराई मागे टाकून कालव्यापलीकडे बाटापूरपर्यंत पोहोचली. पाकिस्तानी विमानांच्या माऱ्यात मात्र तिच्या रिकॉइललेस तोफा गेल्या, कुमक आली नाही, आणि पलटणीला मागे बोलावण्यात आले. इतक्या लवकर कोणी कालवा गाठेल ही तयारीच वरच्या मुख्यालयात नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना लगेचच बदलून मेजर जनरल मोहिंदर सिंग यांना नेमले गेले. पण हातची संधी तोवर निसटली होती. पुढच्या दोन आठवड्यांत पाकिस्तानने गावात पक्के मोर्चे, सुरुंग आणि रणगाडे आणून बसवले. दुसऱ्या लढाईत सांडलेल्या रक्ताचा हिशेब ६ सप्टेंबरच्या त्या माघारीपासूनच मांडावा लागतो. शौर्यकथांच्या भरात हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

सुरक्षा परिषदेने २० सप्टेंबरला युद्धबंदीचा ठराव केला. ती लागू होण्याआधी कालव्याचा काठ हाती असावा, म्हणून हल्ल्याची घाई झाली. रस्त्यावरील पुढच्या मोर्च्यांवर १३ पंजाबने आधी चढाई केली, पण ती पुरती यशस्वी झाली नाही. तरीही हेड यांनी बेत रद्द केला नाही. समोरून न जाता वळसा घालून त्यांनी पलटण बगलेवर आणली. जिवंत वा मृत, भेट डोगराईतच, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे जाट रेजिमेंटमध्ये आजही सांगितले जाते. गावात लढाई हातबॉम्ब आणि संगिनींवर आली. एका कंपनीचे नेतृत्व करणारे मेजर आसा राम त्यागी अनेक गोळ्या लागूनही लढत राहिले. २५ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. कॅप्टन कपिल सिंग थापा गावातच पडले. या दोघांना मरणोत्तर, आणि हेड यांना, महावीरचक्र मिळाले.

बचावाला पाकिस्तानची १६ पंजाब आणि तिच्या जोडीला बलुच तुकड्या होत्या. १६ पंजाबचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल गोलवाला युद्धकैदी झाले. एका बाजूला आयरिश वंशाचा भारतीय पलटणप्रमुख, दुसऱ्या बाजूला पारशी पाकिस्तानी पलटणप्रमुख : फाळणीची सोपी वर्गवारी इथे चालत नाही. मृतांचे आकडे दोन्ही देशांच्या लेखनात जुळत नाहीत.

२२ तारखेला उजाडेपर्यंत गाव भारताच्या हाती आले. त्या दिवशीचे प्रतिहल्ले परतवले गेले आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला युद्धबंदी झाली. १० जानेवारी १९६६च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचे ठरले. त्यानुसार डोगराई पाकिस्तानला परत गेले.